कोपराने पडलेली दरी

मी एक जुना देश आहे. हसू नका मित्रांनो, खरेच सांगतो. लांबीला सहा फूट, रुंदीला चार फूट आणि वजनाला दोघांनी मिळून उचलावा एवढा. माझ्या अंगावर तीन डोंगररांगा आहेत, दोन नद्या आहेत, एक समुद्र आहे आणि एक दरी आहे. माणूस मात्र एकही नाही. माझी माणसे एका पुस्तकात राहतात. ज्यांनी ते पुस्तक वाचले आहे त्यांना पडसादांची दरी ठाऊक असेल. ती दरी म्हणजे माझ्याच डाव्या अंगाला, दोन डोंगरांच्या मधे पडलेला खळगा. तो कसा पडला याविषयी एक फार गोड गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट खोटी आहे. खरे काय ते मला माहीत आहे, कारण तो खळगा माझ्याच अंगावर पडला.

जुन्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. त्यांत शेवटी ती वस्तू अडगळीत पडते, धूळ खाते आणि माणसांच्या नावाने रडते. माझे तसे नाही. मी प्रकाशकांच्या इमारतीत जिन्याशेजारी काचेच्या पेटीत आहे. दर सोमवारी मऊ कुंचल्याने माझी धूळ झटकतात. माझ्यासाठी वेगळा दिवा आहे. मला कोणी टाकले नाही. टाकले ते मला घडवणाऱ्याला.

माझे घडवणारे म्हणजे दादा. ते शाळांसाठी उठावाचे नकाशे करायचे. उठावाचा नकाशा म्हणजे ज्याच्यावर बोट फिरवले की डोंगर बोटाला लागतो, तसा. घराच्या मागे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली होती, तोच त्यांचा कारखाना. तिथे दोन पिंपांत रद्दी आणि जुन्या उत्तरपत्रिका तीन तीन दिवस भिजत पडायच्या. मग कांडायच्या, पिळायच्या, त्यात खळ घालायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचुदाने दादांच्या नखांच्या कडा कायम निळसर असत. गल्लीत सगळे त्यांना 'डोंगरवाले' म्हणत.

"काय डोंगरवाले, आज किती डोंगर झाले?" कोणी दारातून विचारायचे.

"साडेतीन," दादा मान वर न करता सांगायचे. "अर्धा वाळतोय."

त्यांची एक धाकटी बहीण होती. घरात तिला छोटी म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादांनीच तिला लहानाची मोठी केली. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या वह्यांना पुठ्ठे चढवले. माझा जन्म झाला तेव्हा छोटी तिशी ओलांडलेली बाई होती. दिवसा छापखान्यात मुद्रितशोधन करायची, उरल्या वेळात मुलांसाठी गोष्टी लिहायची. आता तिला मोठे पुस्तक लिहायचे होते, अद्भुत देशाचे. गोष्ट तयार होती. एका मुलीची आई वारते. मरण्याआधी तिने डोंगराकडे तोंड करून मुलीला मारलेली हाक पडसाद होऊन परत आलेलीच नसते. जे पडसाद परत येत नाहीत ते कुठेतरी राहत असतीलच, असे म्हणून मुलगी ती हाक शोधायला निघते.

गोष्ट होती, पण जागा नव्हती. ते कुठेतरी म्हणजे नेमके कुठे, ते छोटीला ठरवता येत नव्हते. एका रविवारी ती वही घेऊन कारखान्यात आली.

"दादा, तीन जागा काढल्यात. एक, ढगांवर तरंगणारं बेट. दोन, सात मजली काचेचा राजवाडा. तीन, समुद्राच्या तळाचं शहर. कुठली घेऊ?"

दादा पुठ्ठा कापत होते. "बेटावर पाणी कुठून येतं?"

"अरे, ढगांवर आहे ना ते!"

"म्हणजे पाऊस खाली पडणार आणि बेट कोरडं राहणार. लोक पितात काय?"

"कल्पित माणसं आहेत रे ती."

"असू देत की. तहान लागल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही, छोटे. मग तुझी मुलगी तरी कशाला निघेल?"

दादांची बायको, म्हणजे छोटीची वहिनी, चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, तिला जागा निवडू द्या. तुम्ही काय तिथे नळ जोडायला निघालात?"

राजवाड्याचेही तसेच झाले. दादा म्हणाले, काचेच्या घरात मोठ्याने हाक मारायची कोणाची छाती होणार? समुद्राच्या तळाविषयी विचारताच त्यांनी नुसते पाण्याच्या बादलीकडे बोट केले. छोटीने खरोखर बादलीत तोंड घालून हाक मारली. वर आले ते बुडबुडे. तिघेही पोट धरून हसले.

मग हात पुसत दादा म्हणाले, "जागा यादीतून निवडता येत नाही. आधी जमीन कर, मग तिच्यावर पाणी सोड. पाणीच सांगेल, कोण कुठे राहतं ते."

आणि त्यांनी फळी मांडली. मित्रांनो, तो माझा पहिला दिवस.

चौदा रविवार लागले. छोटी बोट दाखवायची आणि दादा घडवायचे. "इथे डोंगर." "किती उंच?" "हाक ओलांडून जाईल, पण माणूस दमेल इतका." लगेच दादा पुठ्ठ्याचे थर एकावर एक ठोकायचे आणि वरून लगदा थापायचे. शाळेच्या नकाशात डोंगर बोटाला लागावा म्हणून त्याची उंची पाचपट धरतात. इथेही दादांचा हात त्याच सवयीने चालला. पुढे छोटीने दोरा लावून माप घेतले आणि मुलीला तो डोंगर चढायला अकरा दिवस लागतात असे लिहून मोकळी झाली. दादा म्हणाले, "अगं, खऱ्या मापाने ती टेकडी आहे. सकाळी चढलीस तर दुपारी जेवायला परत."

अकराव्या रविवारी ते घडले. शाळेचा नकाशा हातभर रुंदीचा असतो, पलीकडची कड सहज हाताला येते. मी होतो चार फुटी. पलीकडच्या रांगेला आकार देण्यासाठी दादा ओणवे झाले, सवयीने डावा हात टेकवला आणि त्यांचे कोपर माझ्या ओल्या लगद्यात चार बोटे खोल रुतले.

"हात् तिच्या!" दादा उठले आणि खळगा बुजवायला थापी घेतली. तीस वर्षांत असे कधी झाले नव्हते.

छोटीने त्यांचा हात धरला. "थांब. बुजवू नकोस."

खळग्याच्या तळाशी दादांच्या सदऱ्याची वीण उमटली होती, बारीक आडव्या-उभ्या रेघांची. छोटी वाकली, खळग्याला तोंड लावले आणि हळूच हाक मारली. ओल्या लगद्याने तो आवाज गिळून टाकला. काहीच परत आले नाही.

"बघ," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "इथेच राहतात ते. ह्या रेघा बघ, घड्या घालून ठेवल्यासारख्या."

वहिनी म्हणाली, "घ्या! तीन महिने बुद्धी खर्च केलीत, आणि जागा सापडली कोपराला."

पुढे मी वाळलो, माझ्यावर रंगाचा पहिला हात झाला, तेव्हा दादांनी तांब्यात निळी शाई कालवून ते पाणी डोंगरमाथ्यावरून सोडले. त्यांची ती रीतच होती. नदी काढायची नाही, सोडायची. पाणी जिथून गेले तिथे पेन्सिलीची खूण. पण पाणी समुद्राकडे गेलेच नाही. दोन्ही धारा वळल्या आणि कोपराच्या खळग्यात जमल्या.

"हे चुकलं," दादा म्हणाले. "नदीने समुद्राला मिळायला हवं."

"माझ्या देशात नद्या आधी ऐकायला जातात," छोटी म्हणाली.

दादांनी पाणी थांबले तिथे पेन्सिलीची खूण केली. मग म्हणाले, "लिही."

त्याच दिवशी तिने वचन दिले. दादांनी ते मागितले नव्हते. ती आपणहून म्हणाली, "दादा, पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ असेल. हा देश माझ्या दादाने घडवला. बस्स, दुसरं काही नाही."

"कशाला गं," दादा म्हणाले. पण त्यानंतर आठवडाभर लगदा कांडताना ते गुणगुणत होते. त्यांना त्या ओळीची भूक लागली होती. मित्रांनो, यात पाप नाही. देवालासुद्धा कोणी आठवण काढून हाक मारली की आवडते म्हणतात. मग लगदा कांडणाऱ्या माणसाला का आवडू नये?

वर्षभराने पुस्तक आले. छोटी स्वतः घेऊन आली. दादांनी दोन वेळा हात धुतले, टॉवेलने पुसले, मग पुस्तक उघडले. पहिल्या पानावर ओळ होती, 'माझ्या लाडक्या बालवाचकांना.' दादांनी पान उलटले. मग दुसरे. मग शेवटचे पान पाहिले.

"काय हो, कुठंय?" वहिनीने विचारले.

"असेल आत कुठेतरी."

"पहिल्या पानावर असणार होती ना? की आता पुस्तक उलटं वाचायचं?"

छोटी माझ्याकडे पाहत बोलली, दादांकडे नाही. "दादा, प्रकाशक म्हणाले की मुलांना वाटायला हवं, हा देश खरंच कुठेतरी आहे. लगदा, पुठ्ठा म्हटलं की जादू जाते. मलाही पटलं ते. पुढच्या आवृत्तीत घालू, शेवटी, छोट्या अक्षरांत."

"बरोबर आहे त्यांचं," दादा म्हणाले.

"बरोबर काय डोंबल!" वहिनी म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

छोटीचे कारण खोटे नव्हते. तेच तर वाईट. खोट्या कारणाची माणसाला लाज वाटते. खऱ्या कारणाच्या आडोशाला तो वर्षानुवर्षे निवांत बसून राहतो.

पुस्तक गाजले. लोक म्हणाले की गोष्ट चांगली आहे, पण खरी कमाल जागेची आहे. असा देश सुचतो कसा? दुसरी आवृत्ती आली, मग चौथी, मग सातवी. प्रत्येक वेळी दादा हात धुऊन पहिले पान उघडत, आणि शेवटचेही. मग पुस्तक नीट मिटून माझ्याशेजारच्या फळीवर ठेवत. एकावर एक सात पुस्तके झाली. तोवर शाळांनी उठावाचे नकाशे घेणे बंद केले होते. मुलांना पडद्यावर सगळे जग दिसते, बोटाला लागणारा डोंगर कोणाला हवा? पिंपे कोरडी पडली. दादा दुपारभर माझ्यासमोर स्टूल टाकून बसत आणि कुठे रंग उडाला असेल तर लावत.

एकदा एका शाळेत मोठा कार्यक्रम झाला. छोटीच्या खुर्चीशेजारी टेबलावर मला ठेवले होते. तिसऱ्या रांगेत दादा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते, बाजूला वहिनी. एका मुलीने उभी राहून विचारले, "पडसादांच्या दरीची जागा तुम्ही कशी ठरवली?"

मी मनात म्हटले, आता. आता सांग. लहान मूल विचारते आहे, घडवणारा समोर बसला आहे, मी पुरावा म्हणून शेजारी आहे. याहून चांगला मुहूर्त कोणता?

छोटीने क्षणभर तिसऱ्या रांगेकडे पाहिले. मग ती हसली आणि म्हणाली, "ती मी ठरवली नाही, बाळ. पहाटे डोळे मिटले की ती मला दिसायची."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. दादांनीही वाजवल्या. इतरांपेक्षा थोड्या उशिरा, पण वाजवल्या.

नंतर ती त्यांच्यापाशी आली. "दादा, रागावलास?"

"छे गं. एवढ्या मुलांसमोर कोपर कुठे सांगत बसणार?"

वहिनी मात्र गप्प राहिली नाही. "वन्सं, पहाटे डोळे मिटल्यावर दरी दिसली म्हणता. शेजारी उभा राहून लगदा कांडणारा माणूस तेवढा नाही का दिसला?"

छोटीचा चेहरा उतरला. पण सह्या घ्यायला मुले आली आणि ती वळून गेली. त्या दिवसापासून मीही तिला छोटी म्हणणे सोडले. इतर म्हणतात तसे लेखिकाबाई म्हणतो.

लेखिकाबाईंनी दुसरे पुस्तक लिहायला घेतले, तेव्हा त्या कारखान्यात आल्या नाहीत. कोणत्या तोंडाने येणार? त्यांनी जुनी यादी काढली आणि काचेचा राजवाडा घेतला. ते पुस्तक दादांनी पूर्ण वाचले. वहिनीने विचारले, "कसं आहे?" दादा म्हणाले, "लिहिलंय छान. पण तिथे कोणाला तहान लागत नाही." मुलांनीही ते हाती घेतले नाही. मग प्रकाशकांनी पहिल्याच देशाचा उदो उदो करायचे ठरवले आणि मला न्यायला माणसे आली.

दादांनी मला स्वतःच्या हाताने दोन गोधड्यांत गुंडाळले. "ओल लागू देऊ नका," एवढेच म्हणाले. दारापर्यंत माझी कड धरून आले.

दोन महिन्यांनी ते मला भेटायला आले. पेटीवर पितळी पाटी होती, 'लेखिकेच्या कल्पनेतून साकारलेला देश.' दादांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग काचेवर हात ठेवून वाकले.

"काका, काचेला हात नाही लावायचा," पहारेकरी म्हणाला. माणूस चांगला होता, हळूच म्हणाला.

दादांनी हात खिशात घातला. "बघतोय फक्त."

"भारी आहे ना? बाईंनी स्वतः केलाय म्हणतात."

"चांगला केलाय," दादा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "उजव्या कडेला बाक येतोय. फळी ओल धरतेय. खालून हवा खेळू द्या, दोन विटा लावा."

"तुम्हाला यातलं कळतं वाटतं?"

"थोडंफार."

पहारेकऱ्याने विटा लावल्या. आजही त्या आहेत. दादा मात्र पुन्हा आले नाहीत. त्याच हिवाळ्यात एका सकाळी जिन्यावरून जाता जाता कोणीतरी दुसऱ्याला म्हणाले, "आजची बैठक रद्द. बाईंचे भाऊ गेले." दुसऱ्याने विचारले, "त्यांना भाऊ होता?" मला ते एवढेच कळले, आणि असे कळले.

मित्रांनो, मला पाणी सोसत नाही. रडण्याची सोय मला घडवणाऱ्याने ठेवली नाही, आणि आता वाटते की ते त्यांनी विचार करूनच केले असावे.

पुढे पुस्तकाला पंचवीस वर्षे झाली. माझ्याभोवती खुर्च्या मांडल्या गेल्या, फुले आली, माइक आला. लेखिकाबाईंचे केस आता पांढरे झाले होते. वहिनीला बोलावणे गेले होते. ती आली आणि सगळ्यांत मागे बसली. लेखिकाबाई बोलायला उभ्या राहिल्या. हातात भाषणाचा कागद होता. तो त्यांनी उघडला, पाहिला आणि घडी घालून ठेवून दिला.

"मी तुम्हाला आजवर खोटं सांगत आले," त्या म्हणाल्या. "ही दरी मला कधी दिसलीबिसली नाही. हा देश माझ्या दादाने घडवला. ही दरी म्हणजे त्याचं कोपर रुतलं होतं, चुकून. तो बुजवायला निघाला होता. मला एक जागासुद्धा निवडता येत नव्हती हो. माझ्या लोकांना प्यायला पाणी हवं, हेही त्यानेच शिकवलं."

माझ्या मनात आले, उशिरा का होईना, ओळ आली. आणि तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. प्रकाशकांनी माइक घेतला. "बघा! एवढं मोठं नाव, पण विनय बघा! सगळं श्रेय दिवंगत भावाच्या पदरात टाकलं! आणि कोपराची कल्पना तर काय सुंदर! ही तर नवी परीकथाच झाली."

"अहो, कल्पना नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "मी खरं सांगतेय."

लोक प्रेमाने हसले. टाळ्या वाढल्या.

"खरंच सांगतेय हो!"

जितके त्या सांगत गेल्या, तितके लोकांचे डोळे पाणावत गेले. शेवटी त्या खाली बसल्या. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली.

मागे वहिनीच्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "किती मोठं मन! सगळं भावाला देऊन टाकलं."

"हो," वहिनी म्हणाली, "घ्यायला ते उरले नाहीत, तेव्हा दिलं." आणि पदर सावरून ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मुलांना माझ्यासमोर उभे करून लेखिकेच्या विनयाची गोष्ट सांगतात. पितळी पाटी तीच आहे.

तेव्हा मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला जपणारे पुष्कळ आहेत, ते दर सोमवारी येतात. मी वेगळेच मागतो. तुमच्या देशाखाली ज्याने फळी मांडली तो माणूस तुमच्या घरात असेल, शेजारच्या खोलीत असेल, एखादे वेळी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत असेल. त्याची ओळ आज, त्याच्या तोंडावर म्हणा. सुंदर कारणे शोधत बसू नका, ती सापडतात. खरे बोलायलाही वेळ असते. वेळ टळली की लोक त्याला गोष्ट समजतात, आणि ज्याने ते लपवले त्याच्याच गळ्यात हार घालतात.